सोलर प्लांटच्या गाड्या: हायवे सोडल्यावरचे शेवटचे सहा किलोमीटर कसे सांभाळायचे

मोठ्या सोलर प्लांटचं काम निघालं की ऑफिसातल्या मंडळींना ट्रॅफिक म्हणजे फक्त तो ट्रान्सफॉर्मरचा अवाढव्य ट्रेलर दिसतो. तो बिचारा एकदाच येतो, सगळ्यांना आधीपासून माहीत असतं, पुढे पायलट गाडी असते, गावातली पोरं मोबाईल घेऊन उभी असतात आणि बहुतेक वेळा तो नीट पोचतोही. खरी डोकेदुखी रोजच्या गाड्यांची, आणि तीही हायवेवर नाही, हायवे सोडून गावाच्या रस्त्याला लागल्यावरची. म्हणून हे सगळं त्या शेवटच्या टप्प्याबद्दल. सोलापूर-धाराशिव पट्टा डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, म्हणजे काळी माती, उसाचा सीझन आणि जेमतेम पावणेचार मीटर रुंदीचा डांबरी रस्ता. दुसरीकडे थोडंफार बदलेल, पण गणित तेच.

आधी आकडे. १०० मेगावॅट एसीचा (ग्रिडला जाणाऱ्या विजेच्या मापाने) प्लांट म्हणजे डीसी बाजूला, म्हणजे पॅनेलच्या बाजूला, साधारण १४० मेगावॅट धरा. ५५० वॅटचं पॅनेल धरलं तर अडीच लाखांच्या वर पॅनेल होतात. ४० फुटी हायक्यूब (जास्त उंचीच्या) कंटेनरात या साइजचे ६२० बसतात, म्हणजे नुसत्या पॅनेलच्या चारशेच्या वर गाड्या. चार महिन्यांत वाटल्या तर दिवसाला चार, एकदम सोपं वाटतं ना? पण मुंद्रा, सुरत-नवसारीकडच्या फॅक्टऱ्या किंवा न्हावाशेव्याला लागलेलं जहाज तुमच्या सरासरीने माल सोडत नाही, तीन दिवस काही येत नाही आणि चौथ्या दिवशी सकाळी पंधरा गाड्या एकामागे एक येऊन उभ्या. त्यात स्ट्रक्चरचं स्टील, केबलचे ड्रम, इन्व्हर्टर, सिमेंटचे बल्कर, आणि सगळ्यात जास्त फेऱ्या कुणाच्या तर मुरूम-खडीच्या हायव्यांच्या (हायवा म्हणजे मोठा टिपर), त्या कुठल्याच डिस्पॅच शेड्यूलमध्ये दिसत नाहीत कारण त्या लोकल सब-कॉन्ट्रॅक्टरच्या असतात. रस्ता खरा त्याच फोडतात. प्लॅन करताना हायव्यांना पहिल्या ओळीत धरा.

आता मुख्य गोष्ट, बाकी काही नाही जमलं तरी ही करा: हायवेच्या जवळ एक होल्डिंग यार्ड घ्या. दोन-तीन एकर पडीक जमीन किंवा बंद पडलेल्या ढाब्याची जागा भाड्याने, मुरूम टाकून रोलर फिरवायचा, दोन संडास, पाण्याची टाकी, एक लाइट, एक सुपरवायझर. प्रत्येक लांबची गाडी आधी इथे येणार आणि साइटवरून फोन आल्याशिवाय गावात शिरणार नाही. मॅनेजमेंट म्हणेल भाडं कशाला, साइटवरच एवढी जागा आहे. त्यांना सांगा की साइट मोठी असली तरी रस्ता तेवढाच आहे, आणि गावात समोरासमोर दोन ट्रेलर अडकले की मागे एसटी, दूधवाला आणि शाळेची गाडी अशी रांग लागते, मग त्या दिवशी कुणी कामाबद्दल बोलत नाही, सगळे तुमच्याबद्दल बोलतात.

दिवसाला किती गाड्या सोडायच्या हे रस्ता ठरवत नाही, उतरवायची ताकद ठरवते. पॅलेट फोर्कलिफ्टने उतरवून एक गाडी रिकामी व्हायला तास-दीड तास धरा, म्हणजे दोन जागी उतरवणं चालू असेल तर उजेडात दहा-बारा गाड्या, त्यापुढची यार्डातच. आणि पॅनेल एका कोपऱ्यात डोंगर करून ठेवू नका, ज्या ब्लॉकला लागणार त्याच्या शेजारी उतरवा, नाहीतर तोच माल ट्रॅक्टरवर घालून परत हलवायचा, काचा तडकतात त्या तिथे. पॅलेट सपाट आणि कोरड्या मुरमावरच ठेवा, ओल्या काळ्या मातीवर ठेवलेलं पॅलेट रात्रीतून एका बाजूला बसतं आणि सकाळी अख्खं आडवं झालेलं दिसतं.

ड्रायव्हर लोक गूगल मॅपवर येतात हे लक्षात ठेवा. तुम्ही साइटचं लोकेशन पाठवलं की मॅप त्यांना सगळ्यात जवळच्या रस्त्याने आणतो, तो रस्ता म्हणजे कुठलातरी पाणंद रस्ता किंवा ओढ्यावरची जुनी फरशी, आणि ४० फुटी गाडी एकदा तिथे घुसली की मागे घेता घेता दिवस जातो. म्हणून साइटचं लोकेशन कुणाला द्यायचंच नाही, पिन फक्त यार्डाची. यार्डात एका पानाची चिठ्ठी द्यायची, हिंदीत, वळणांचे फोटो घालून, कारण बरेच ड्रायव्हर राजस्थान, हरियाणा, यूपीचे असतात.

यार्डात गाडी थांबली की हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचं भाडं) चालू होतं, ते बोलीत आधीच ठरवून घ्या. त्याहून महत्त्वाचं ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल, ज्याला मुदत असते. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, ओव्हर डायमेन्शनल (ठरलेल्या मापाबाहेरच्या) मालाला फक्त २० किलोमीटरला एक दिवस. तुम्ही गाडी दोन दिवस थांबवली आणि बिल संपलं, की पुढे दंडाचं लफडं. मुदत वाढवता येते पण संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासांपर्यंतच. म्हणून यार्डाच्या रजिस्टरमध्ये गाडी नंबर, आली कधी, सोडली कधी याच्यासोबत ई-वे बिल कधी संपतं हा कॉलम पाहिजेच, आणि गाड्या त्या क्रमाने सोडायच्या. तसंच हायव्यांचं, मुरमाच्या प्रत्येक फेरीला महाखनिजचा (सरकारचा गौण खनिज वाहतुकीचा) पास असलाच पाहिजे. तहसीलदारांच्या पथकाने विनापास गाडी धरली तर बाजारभावाच्या पाचपट दंड, वर गाडी तहसीलच्या आवारात. सब-कॉन्ट्रॅक्टर म्हणेल "साहेब, सगळं बघून घेतो", पण गेटवर पास दाखवल्याशिवाय आत सोडायचं नाही.

रस्त्याची पाहणी काम सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधी करा आणि चालत करा, गाडीतून काही दिसत नाही. कुठला रस्ता कुणाचा हे आधी काढा, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग पीडब्ल्यूडीकडे, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, परवानगी आणि डिपॉझिट त्या-त्या ठिकाणी. मग सरपंच, पोलीस पाटील आणि झेडपीचे इंजिनिअर सोबत घेऊन अख्ख्या रस्त्याचा व्हिडिओ काढा, खड्डे, मोऱ्या, घरांच्या भिंतींच्या भेगा सकट, तारीख दिसेल असा. सहा महिन्यांनी "ही भिंत तुमच्या गाड्यांनी फुटली" असं कुणी म्हणालं तर हा व्हिडिओ दोघांच्याही कामाचा, कारण कधीकधी ती खरंच तुमच्याच गाड्यांनी फुटलेली असते.

पाहणीत तीन गोष्टींवर वेळ घालवा. एक, मोऱ्या. नळ्यांची मोरी जुनी असेल आणि वर जेमतेम वीतभर माती असेल तर भरलेला दहाचाकी, जो २०१८ पासून कायद्याने २८.५ टनांपर्यंत चालतो (प्रत्यक्षात किती भरतात ते तुम्हाला माहीत आहे), तिच्यावरून रोज पाच-दहा वेळा जाणार. नवीन नळ्या टाकून वर काँक्रीट करणं हे मधेच रस्ता बंद पडण्यापेक्षा फार स्वस्त पडतं.

दोन, तारा. नियमाप्रमाणे रस्ता ओलांडणारी एलटी (कमी दाबाची) लाइन ५.८ मीटरवर आणि ११ किंवा ३३ केव्ही ६.१ मीटरवर पाहिजे, पण गावात उन्हाळ्यात झोळ पडून ती कितीवर येते ते मोजल्याशिवाय बोलू नका. मोजायचं ते फायबरच्या हाइट स्टिकने. बांबूने तार उचलून खालून गाडी काढायची पद्धत सगळीकडे दिसते, ती तुमच्या कामावर दिसली तर त्या दिवशीचं काम थांबवा, यात समजूत घालत बसू नका. जी तार खाली आहे ती महावितरणला अर्ज करून, १.३ टक्के सुपरव्हिजन भरून स्वतःच्या खर्चाने उंच करून घ्या, पोल सरकवायचा असेल तरी तेच. याला वेळ लागतो, म्हणून तर दोन-तीन महिने आधी म्हटलं.

तीन, वळणं. प्रत्येक गावात एक वळण असतं जिथे एका बाजूला मारुतीचं देऊळ आणि पार, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी घराची पायरी आणि मधे एलटीचा पोल. ड्रॉइंगवर टर्निंग रेडियस बसतो. ड्रॉइंग ठेवा बाजूला, रिकामा ४० फुटी ट्रेलर आणा आणि सकाळी फिरवून बघा, मागची चाकं आतून किती कापतात ते चुन्याने मारून घ्या, तिथे गटारीत पाइप टाकून मुरूम भरा. पार तोडायचा विषय काढूसुद्धा नका. त्यापेक्षा गावाबाहेरून एखाद्या शेतकऱ्याकडून पट्टा भाड्याने घेऊन तात्पुरता वळण रस्ता केला तर पैसे जास्त जातात पण गाव तुमच्या बाजूने राहतं.

आणि एक चौथी गोष्ट जी कुठल्याच रिपोर्टमध्ये नसते, शेतकऱ्यांच्या पाइपलाइनी. विहीर रस्त्याच्या या बाजूला आणि रान त्या बाजूला, मधे डांबराखालून फूट-दीड फुटावर पीव्हीसीचा पाइप गेलेला. वरून हायव्या सुरू झाल्या की आठवड्यात तो चेपतो, कुणाला दिसत नाही, शेतकऱ्याला वाटतं मोटर खराब आहे. मग रस्त्याच्या कडेला ओल दिसते, तोवर तिकडे ऊस वाळायला लागलेला, आणि मग तो माणूस बैलगाडी आडवी लावून बसतो, बरोबरच आहे त्याचं. उपाय सोपा आहे, पाहणीच्या वेळीच प्रत्येक शेतकऱ्याला विचारून क्रॉसिंग मार्क करा आणि काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या पाइपांना बाहेरून लोखंडी किंवा सिमेंटचा पाइप घाला. तरीही साइटच्या स्टोअरला दोन-तीन साइजचे पीव्हीसी पाइप, जोड आणि सोल्युशन ठेवा, आणि एक प्लंबर असा की जो रात्री फोन उचलतो. भरपाईचा अर्ज, पंचनामा वगैरे नंतर, पाणी आधी चालू.

रस्ता एकेरी असेल तर दर तीन-चारशे मीटरवर साइडपट्टी भरून पासिंगची जागा करा, तीस-पस्तीस मीटर लांब, एका जागेवरून पुढची दिसेल अशी. काळ्या मातीची साइडपट्टी उन्हाळ्यात दगडासारखी वाटते आणि एका पावसात ट्रेलर एक्सलपर्यंत खाली जातो, त्यामुळे हे मेच्या आत. जमत असेल तर भरलेल्या गाड्या एका रस्त्याने आत आणि रिकाम्या दुसऱ्याने बाहेर, निम्मे प्रॉब्लेम तिथेच संपतात.

वेळा गावाला विचारून ठरवा. मुक्कामी एसटी सकाळी कधी सुटते, शाळा कधी भरते-सुटते, आठवडे बाजार कुठल्या वारी, या वेळेत गाडी सोडायची नाही. अंधार पडल्यावर गावाच्या रस्त्यावर भरलेली गाडी नाहीच, विशेषतः गाळप हंगामात, कारण समोरून दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर येतो, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि तो मागे घेऊ शकत नाही. तुम्हीच थांबायचं. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला लोक चालत जातात, तेव्हा त्या रस्त्याची जड वाहतूक वळवतात, ते दिवस डिस्पॅचमधून आधीच काढा. फ्लॅगमन त्याच गावातले घ्या, शिट्टी, जॅकेट, लाल-हिरवा झेंडा, आणि पगार तारखेला. बाहेरच्या माणसाने थांबवलं तर लोक थांबत नाहीत, पण सखारामतात्याच्या नातवाने हात केला की थांबतात.

साइटच्या आत २० चा स्पीड, रिव्हर्सला मागे माणूस, आणि मजुरांना मालाच्या ट्रॉलीवर बसवून नेणं बंद. बाहेर पडायच्या गेटला तीस-चाळीस मीटर डबर टाका म्हणजे टायरचा चिखल तिथेच झडतो, डांबरावर आलेला काळा चिखल मोटरसायकलवाल्यांना आडवं करतो. धुळीला टँकर, पण पाणी गावाच्या पिण्याच्या विहिरीवरून अजिबात नाही. आणि शेजारी द्राक्षाची बाग असेल तर माल काढणीला आला की तिथे टँकरच्या फेऱ्या वाढवा, मण्यावर धूळ बसली की व्यापारी भाव पाडतो.

ट्रान्सफॉर्मरचं थोडक्यात: तेल काढून, आत नायट्रोजन किंवा कोरडी हवा भरून हायड्रॉलिक एक्सलवर येतो. रुंदी २.६ मीटरच्या पुढे गेली की ओडीसी (मापाबाहेरच्या मालाची) परवानगी, आणि हायवेची परवानगी मिळाली म्हणजे झेडपीच्या रस्त्याची मिळाली असं होत नाही. ट्रान्सफॉर्मरवर इम्पॅक्ट रेकॉर्डर (वाटेतले धक्के नोंदवणारं यंत्र) असतो, गाडी पोचल्यावर उतरवायच्या आधी त्याचं रीडिंग सगळ्यांसमोर घ्या आणि सही घ्या, नंतर ट्रान्सपोर्टर आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात.

पॅनेल संपले की अकाउंट्सवाले लगेच यार्डाचं भाडं बंद करा म्हणून मागे लागतात. करू नका. स्पेअर पॅनेल, सफाईचे रोबो, रस्ता दुरुस्तीची खडी आणि डांबर अजून यायचं असतं, आणि नेमक्या त्याच गाड्या मग गावातल्या चौकात उभ्या राहतात.