मोठ्याचा रोस्ट आणि त्याचे पुढचे दोन दिवस

नाताळात आमच्या नाशिकातल्या शरणपूरच्या घरी केक बसला तरी चालतो, रोस्ट बिघडलेला चालत नाही. राज्यात 2015 पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे बीफ म्हणजे म्हशीचं, मोठ्याचं. ते कमी चरबीचं आणि चिवट. घाई केली की चप्पल चावल्यासारखं लागतं.

खांद्याचा दीड किलोचा अख्खा तुकडा मागा. खाटीक सवयीने बोट्या करायला घेतो, म्हणून त्याने सुरा उचलायच्या आत बोला. मांडीचं मांस दिसायला देखणं, पण शिजलं की कोरडं. खांद्यातले पांढरे पडदे मंद आचेवर विरघळून जिलेटिन होतात, त्यानेच रोस्ट लुसलुशीत होतो.

आदल्या रात्री तीन छोटे चमचे मीठ, जाडसर मिरपूड, आलं-लसूण आणि थोडं व्हिनेगर चोळून फ्रिजमध्ये ठेवा. पपई नको, तिने वरचा थर पिठासारखा होतो आणि आत काहीच पोचत नाही. बांधायला सुती दोरा घ्या. एका वर्षी माझ्या मुलाने पतंगाचा नायलॉनचा दोरा गुंडाळला. तो वितळून मांसाला चिकटला आणि नाताळाला आम्ही अंडाकरी खाल्ली.

तुकडा फडक्याने कोरडा टिपा, ओला असला की भाजायच्या ऐवजी उकडतो. जाड बुडाच्या पातेल्यात गरम तेलावर सगळ्या बाजू तांबूस करा, पंधरा मिनिटं तरी. मग तो काढून त्याच तेलात चार कांदे उभे चिरून, दालचिनी, लवंगा. कांदा रंगला की वाटीभर रेड वाइन (नाशिकात राहून ती बाहेरून कशाला आणायची?) घालून बुडाला चिकटलेलं खरवडा. अर्धी वाटी पाणी, तुकडा परत आत, घट्ट झाकण, खाली तवा, गॅस अगदी बारीक. तीन तास. अर्ध्या तासाने पलटत राहा, पाणी आटलं तर गरमच घाला. विणायची सुई उकडलेल्या बटाट्यात शिरावी तशी शिरली की झालं. कुकरमध्ये तासाभरात होतो, पण कापताना चिंध्या होतात.

मग वीस मिनिटं हात लावू नका. माझे दीर गरमच कापायला धावतात आणि सगळा रस ओट्यावर वाहतो. रेषांच्या आडवं कापा.

उरलेला रोस्ट दोन तासांच्या आत, ग्रेव्हीसकट, फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी गार तुकड्याचे कागदासारखे काप निघतात. पावात मोहरीची चटणी, कच्चा कांदा, बस्स. तिसऱ्या दिवशी टोकं-तुकडे हाताने उसवायचे, भाजलेलं कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला परतायचा, उरलेली ग्रेव्ही घालून खळखळून उकळायचं. सोबत बाजरीची भाकरी. चौघांना किलोभर पुरतं. वरचा अर्धा किलो मी या रश्श्यासाठीच घेते.