सीसॅटचे ते ६६ गुण

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मी पहिल्यांदा जागा घेतली तेव्हा सकाळचे दोन तास सगळ्यांचे उताऱ्यांचे. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेचे दोन पेपर: पहिला सामान्य अध्ययनाचा, दुसरा सीसॅट, म्हणजे उतारे, गणित आणि बुद्धिमत्तेचा. दोन्ही २०० गुणांचे आणि दोन्हींचे गुण मेरिटला धरले जायचे. इतिहास चार महिने घोटून जेवढे गुण वाढायचे, तेवढे सीसॅटच्या महिनाभराच्या सरावात हाती लागायचे. मग सामान्य अध्ययनाचा जाडजूड ठोकळा कोण उघडतो?

२०२२ पासून सीसॅट पात्रतेपुरता उरला. ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण, पुरे. बघता बघता उताऱ्यांची पुस्तकं कपाटाखाली गेली आणि सकाळ राज्यघटनेला मिळाली. माझीही. क्लासवाले सांगायचे, "सीसॅट काय, असाच निघतो."

माझ्या रूममेटचा निघाला नाही. पहिला पेपर त्याचा माझ्यापेक्षा भारी गेला होता. रात्री मेसवरून आल्यावर आन्सर की घेऊन बसलो: दुसऱ्या पेपरात २८ बरोबर, १० चूक. बरोबरला अडीच गुण, चुकीला त्या अडीचच्या पाव हिश्श्याची कपात. ७० मधून सव्वासहा गेले, उरले पावणेचौसष्ट. एक प्रश्न जास्त बरोबर आला असता तर सुटला असता. त्याने तीनदा बेरीज केली.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच असतं, की पुस्तकांची यादी मागायच्या आधी परीक्षा योजना वाचा आणि जुना सीसॅट पेपर घड्याळ लावून सोडवा. ९० च्या वर गुण आले तर आठवड्यातून एक पेपर बास. ७० च्या आसपास घुटमळत असाल तर रोज तासभर द्या, मेरिटला धरत नसला तरी.

मुख्य परीक्षेचं दुखणं वेगळं. पूर्वी तिथे बहुतांश पर्यायी प्रश्न, त्यामुळे आम्ही वन लायनर, म्हणजे एका ओळीतली माहिती, पाठ करत आणि पर्याय कापत वाढलो. २०२५ च्या परीक्षेपासून ती वर्णनात्मक झाली: निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, प्रत्येकी २५० गुण. शिवाय मराठी, इंग्रजीचे पात्रता पेपर. कलम पाठ असतं, पण त्याचा पेच दीडशे शब्दांत मांडायला बसलं की घोडं अडतं. मी पहिलं उत्तर लिहिलं तेव्हा पंचवीस मिनिटं गेली, निम्मी पहिलं वाक्य खोडण्यात.