एकेक डोळा झाकून बघा : डोळ्यांची तक्रार कधी आणि कुणाकडे न्यावी

खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या शिबिरात साठीचे एक काका समोर येऊन बसले. "मला झकास दिसतंय की ओ, सूनबाईनं बळंच धाडलंय," म्हणाले. मी त्यांना उजवा डोळा तळहातानं झाकायला सांगितला. काका गप्प झाले. हात काढला, परत झाकला, आणि हळूच विचारलं, "लाईट गेली काय?" लाईट होती. डावा डोळाच गेला होता, आणि कधी गेला ते त्यांना माहीत नव्हतं. पुढं डोळ्यांच्या डॉक्टरांकडं काचबिंदू निघाला. इतकी वर्षं उजवा डोळा सगळं सांभाळून घेत होता, म्हणून घरात कुणाला शंकाही आली नाही.

मी बेळगावात ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारा) म्हणून काम करतो. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या शिबिरांनाही जातो. चांगला डोळा वाईट डोळ्याला झाकून घेतो, ही गोष्ट मला रोज कुणाला तरी सांगावी लागते. म्हणून तपासणीची सुरुवात घरातूनच करा.

आधी घरी : दोन मिनिटांची तपासणी

दिवसाउजेडी भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा फूट लांब उभे राहा. लांबचा चष्मा असेल तर तो घालूनच. तळहाताचा खोलगट द्रोण करून एक डोळा झाका, पण दाबू नका. दाबलं की हात काढल्यावर थोडा वेळ धुरकट दिसतं आणि उगाच घाबरायला होतं. आता तारखांचे आकडे बघा. मग दुसरा डोळा झाकून तेच आकडे बघा. किती बारीक दिसतंय हे इथं महत्त्वाचं नाही. दोन डोळ्यांत फरक आहे का, एवढंच बघायचं. फरक जाणवला तर त्याच आठवड्यात तपासणीला जा.

जवळच्या नजरेसाठी पेपर हातभर अंतरावर धरा, किंवा ताटात तांदूळ निवडून बघा. शेवटी एकेका डोळ्यानं खिडकीचे उभे गज नाहीतर दाराची चौकट बघा. सरळ गज मधेच वाकडा किंवा लाटेसारखा दिसला, तर आतल्या पडद्याला काहीतरी झालेलं असू शकतं. तिथं चष्म्याच्या दुकानात वेळ घालवू नका, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा.

काचबिंदू मात्र या घरगुती तपासणीत वेळेवर सापडत नाही. त्यात नजर कडेकडेनं कमी होते आणि मधलं शेवटपर्यंत ठीक दिसतं. बहुतेकांना दुखतही नाही. गेलेली नजर परत येत नाही, औषधानं फक्त उरलेली राखता येते. म्हणून चाळिशी उलटल्यावर दर एक-दोन वर्षांनी डोळ्याचा दाब आणि मागची नस तपासून घ्या. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर यात अजिबात कुचराई नको.

कुणाकडं जायचं?

चष्म्याच्या दुकानाचा मालक, ऑप्टोमेट्रिस्ट आणि डोळ्यांचे डॉक्टर ही तीन वेगळी माणसं आहेत. दुकानदार काच बसवून देतो. ऑप्टोमेट्रिस्ट चार वर्षांचा अभ्यासक्रम केलेला असतो. तो नंबर काढतो, डोळ्याचं आरोग्य तपासतो आणि गडबड दिसली तर पुढं पाठवतो. शस्त्रक्रिया आणि आजाराचे उपचार डॉक्टरांकडं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बहुधा नेत्र सहाय्यक भेटतात, प्राथमिक तपासणी तिथंही होते. दुकानात नंबर काढून घेणार असाल तर तपासणारा शिकलेला आहे का, हे सरळ विचारा. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

ऑप्टोमेट्रिस्टकडं न्यायच्या तक्रारी

हळूहळू वाढत जाणारी, न दुखणारी तक्रार असेल तर पहिली फेरी इथं. लांबचं अंधुक दिसणं, वाचताना कपाळ दुखणं, पोराचं टीव्हीला चिकटून बसणं, फळ्यावरचं शेजारच्या वहीत बघून उतरवणं, मोबाईल-कॉम्प्युटरनं डोळे कोरडे पडणं. (कोरड्या डोळ्यांना दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडं बघायची सवय लावा आणि मुद्दाम पापण्या मिटत राहा. स्क्रीनकडं बघताना आपण पापणी मिटायलाच विसरतो.)

चाळिशी हा आजार नाही. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होतं आणि जवळचं स्पष्ट करता येत नाही, इतकंच. बेळगावच्या वडगाव-शहापुरात मागावर बसणाऱ्यांना ती लवकर बोचते, कारण तुटलेला धागा जोडायला जवळचीच नजर लागते. जत्रेत, बाजारात मिळणारा तयार चष्मा घालून डोळा बिघडत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण त्यात दोन्ही काचांचा नंबर सारखा असतो आणि आपले डोळे क्वचितच तंतोतंत सारखे असतात. त्याहून मोठं नुकसान म्हणजे तो चष्मा घेतला की तपासणी राहून जाते.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा, कारण त्या उलट्या वाटतात. साठी-सत्तरीतल्या आजीला अचानक चष्म्याशिवाय पोथी वाचता येऊ लागली, की घरात कौतुक सुरू होतं, "आजीची नजर परत आली!" बहुतेक वेळा ती मोतीबिंदूची चाहूल असते. भिंग घट्ट होत गेल्यानं जवळचं काही दिवस बरं दिसतं आणि लांबचं बिघडतं. दुसरी गोष्ट मधुमेहाची. साखर वरखाली होते तसा चष्म्याचा नंबरही बदलतो. साखर चढलेली असताना चष्मा केला तर महिन्याभरात तो निकामी होतो आणि पैसे पाण्यात जातात. साखर आटोक्यात येऊन काही आठवडे स्थिर राहू द्या, मग नंबर काढा.

डॉक्टरांकडं, पण धावपळ नको

मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही, जाहिरातीत काहीही सांगोत. आणि "अजून पिकू दे" हा सल्लाही आता जुना झाला. रोजच्या कामाला अडचण व्हायला लागली की शस्त्रक्रिया करून घ्यावी. फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो, कधी डोळ्याचा दाबही वाढवतो. देशात १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यातून सरकारी दवाखान्यांत आणि शिबिरांमधून मोफत शस्त्रक्रिया होते. तेव्हा पैशापायी कुणी ओसरीवर अंधुक नजरेनं बसून राहू नये.

मधुमेह निघाला त्याच वर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्या आणि नंतर दरवर्षी, दिसायला काहीही अडचण नसली तरी. पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात तेव्हा सुरुवातीला नजरेला काहीच कळत नाही.

मूल तिरळं बघत असेल तर "भाग्यवान आहे, चांगलं लक्षण" म्हणून सोडून देऊ नका. मेंदू तिरळ्या डोळ्याकडं दुर्लक्ष करायला शिकतो आणि तो डोळा मंद राहतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाला तर सगळ्यात चांगला फायदा होतो, पुढं तो कमी होत जातो. म्हणून शाळेत घालण्याआधी प्रत्येक मुलाचे डोळे एकदा तपासा. बाळाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकताना दिसली, तर मात्र लगेच दाखवा. त्यामागं डोळ्यातली गाठही असू शकते.

डोळे येण्याची साथ २०२३ च्या पावसाळ्यात आपण सगळ्यांनी पाहिली. ती बहुधा विषाणूची असते आणि आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. नुसतं बघून ती लागत नाही. हात, रुमाल, टॉवेल, उशी यांतून लागते. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा, हात धुवा. उजेड सहन होईना, दुखायला लागलं किंवा दिसणं कमी झालं, तर ते साधे डोळे आलेले नाहीत असं समजा. तान्ह्या बाळाचे डोळे चिकटत असतील तर वाट बघूच नका.

आपल्या भागातले धोके : ऊस, लोखंड, चुना

गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या पाल्यानं डोळा कापलेली माणसं येऊ लागतात. भाताच्या मळणीत लोंबीचं कुसळ जातं. जखम केसाएवढी असते, दोन दिवसांत बरं वाटतं आणि माणूस परत फडात जातो. पण पाल्यावरची बुरशी त्या जखमेत शिरते आणि सावकाश वाढते. पाच-सात दिवसांनी डोळा लाल होतो, पाणी गळतं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. त्यावर मेडिकलमधून "लाली जाणारे" थेंब आणून घातले, आणि त्यांत स्टेरॉइड असलं, तर लाली उतरते आणि आत बुरशी मोकाट पसरते. शेवटी बुबुळावर फूल पडतं. निपाणीकडचा एक फडकरी माझ्याकडं आला तेव्हा तो ठिपका मसुराच्या डाळीएवढा झाला होता. खिशात तीन वेगवेगळ्या थेंबांच्या बाटल्या होत्या, एकही डॉक्टरांनी लिहून दिलेली नव्हती. म्हणून कळकळीनं सांगतो : पाला, कुसळ, काडी लागली की स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा, चोळू नका आणि दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरांना दाखवा. मध, एरंडेल, पाल्याचा रस, अंगावरचं दूध यातलं काहीही डोळ्यात नको. कचरा जिभेनं किंवा पदराच्या टोकानं काढायचा प्रकारही नको.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ग्राइंडरवर काम करणाऱ्यांना लोखंडाचा कण जाणं नवं नाही. तिथला सोबती आगपेटीच्या काडीनं तो काढतो, हे मला ठाऊक आहे. कण निघतो, पण त्याचा गंज बुबुळात राहतो आणि जखम मोठी होते. हातोडी-छिन्नीच्या कामात उडालेला तुकडा तर डोळ्याच्या आतही शिरू शकतो आणि वरून नुसता लाल ठिपका दिसतो. संरक्षक चष्मा शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. वेल्डिंगची आच लागलेली लगेच कळत नाही, रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं तेव्हा कळते.

आणि चुना. तंबाखू मळणाऱ्या घरात चुन्याची पुडी लहान मुलाच्या हाती लागते. ते दाबतं, पुडी फुटते आणि चुना सरळ डोळ्यात. चुना बुबुळ जाळत आत जातो, त्यामुळं इथं एकेक मिनिट मोलाचं आहे. गाडी शोधायच्या आधी पाणी. मुलाला आडवं करा, पापण्या बोटांनी फाकवा आणि तांब्यानं किंवा नळाखाली निदान पंधरा मिनिटं, जमलं तर अर्धा तास पाणी सोडत राहा. वरच्या पापणीखाली चुन्याचे कण चिकटतात, ते दिसले तर ओल्या स्वच्छ कापडानं अलगद टिपा. लिंबू, दूध, तूप काही नाही, फक्त पाणी. मग दवाखाना.

त्याच दिवशी, रात्र असली तरी

एका डोळ्यानं अचानक दिसेनासं होणं. डोळ्यापुढं विजा चमकणं, काळे ठिपके एकदम वाढणं, कडेनं पडदा ओढल्यासारखं वाटणं. यात आतला पडदा सुटत असू शकतो. डोळ्याला मार लागणं, काही घुसणं. घुसलेली वस्तू ओढू नका, डोळा दाबू नका. वर कागदी कप उपडा धरून चिकटपट्टी लावा आणि निघा. भूल द्यावी लागेल म्हणून वाटेत काही खायला देऊ नका.

आणखी एक, जे हमखास फसवतं. डोळा लाल, प्रचंड ठणका, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि वांत्या. वांत्या बघून घरचे म्हणतात, "पित्त झालंय." पित्ताची गोळी देऊन रात्र काढतात आणि डोळ्यातला वाढलेला दाब तेवढ्यात नस मारून टाकतो. डोकं दुखून वांती झाली तर डोळ्याकडं एकदा नीट बघा.

जाताना

खानापूरकर बेळगावला नाहीतर हुबळीला जातात, अथणी-कागवाडकडचे मिरजेला, निपाणी-संकेश्वरचे कोल्हापूरला. राज्याची हद्द ओलांडणार असाल तर आपलं आयुष्मान कार्ड तिथं चालतं का, हे आधी फोन करून विचारा. जुना चष्मा, चालू गोळ्या, थेंबांच्या सगळ्या बाटल्या आणि साखर-बीपीचे कागद पिशवीत घ्या.

तपासणीचा तक्ता कन्नड किंवा इंग्रजी असला आणि ती लिपी येत नसेल, तर लाजू नका आणि अंदाजानं अक्षरं सांगू नका. आपली वयस्कर माणसं इथं गडबडतात. लिपी येत नाही म्हणून चुकतात आणि नंबर भलताच निघतो. "फणीचा तक्ता दाखवा" म्हणा. त्यात तीन दातांच्या फणीसारखी आकृती असते. दात कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं, कुठलीच लिपी लागत नाही. आकड्यांचा तक्ताही चालतो. शेवटी प्रत्येक डोळ्याची नजर, नंबर आणि दाब कागदावर लिहून मागा आणि तो कागद सांभाळून ठेवा, पुढच्या वर्षी तुलना त्याच्याशीच होते.

पडदा बघण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि ऊन डोळ्यात टोचतं. त्या दिवशी मोटारसायकल घरीच ठेवा, सोबत कुणाला तरी न्या आणि परतीच्या बसचा बोर्ड त्यालाच वाचू द्या.