चार कोटी अंकांची मूळ संख्या न लिहिता कशी ओळखावी

२ चा १३६२७९८४१ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी गिम्प्स या, स्वयंसेवकांच्या संगणकांवर अशा संख्या शोधणाऱ्या प्रकल्पातून शोधलेली ही मूळ संख्या तेव्हा ज्ञात असलेल्यांत सर्वांत मोठी ठरली. ती लिहून काढायच्या फंदात पडू नका. तिच्याबद्दल बरेच काही नुसत्या घातांकातून कळते, आणि मला तरी तिचे खरे सौंदर्य तिथेच वाटते.

आधी अंक मोजू. घातांकाला ०.३०१०२९९९५७ ने गुणा. हा २ चा दशमान लॉगरिदम, म्हणजे १० चा कितवा घात घेतला की २ येतात तो आकडा. उत्तर येते सुमारे ४,१०,२४,३१९.९५. अपूर्णांक सोडा, १ मिळवा: एकूण अंक ४,१०,२४,३२०. ०.३०१०३ एवढ्यावर भागवू नका, एक अंक जास्त येतो.

आता शेवटचा अंक. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. घातांकाला ४ ने भागल्यावर बाकी १, म्हणजे घाताच्या शेवटी २ आणि आपल्या संख्येच्या शेवटी १. द्विमान पद्धतीत तर ती म्हणजे ओळीने १३६२७९८४१ वेळा १, दुसरे काही नाही.

पण ती मूळ आहे हे कशावरून? घातांक मूळ असावाच लागतो, कारण तो अ × ब असेल तर २ च्या अ-व्या घातातून १ वजा केलेली संख्या तिला निःशेष भागते. तेवढे पुरत नाही. ११ मूळ आहे, तरी २ च्या ११ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारे २०४७ म्हणजे २३ × ८९.

इथे ल्यूका-लेमर कसोटी लागते. ७ हा घातांक घेऊन १२७ वर करून पाहा. ४ पासून सुरुवात करा. प्रत्येक वेळी वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून फक्त बाकी ठेवा. ४ चे १४ होतात. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, बाकी ६७. पुढे ४२, मग १११. १११ चा वर्ग १२३२१, वजा २ म्हणजे १२३१९, आणि हे बरोबर १२७ × ९७. बाकी शून्य! पायऱ्या घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे पाच. शेवटी शून्य आले तरच संख्या मूळ. फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी १८७६ मध्ये आपल्या पद्धतीने एक ३९ अंकी मर्सेन संख्या (२ च्या घातातून १ वजा केलेली अशीच संख्या) मूळ असल्याचे हाताने सिद्ध केले होते. वरच्या राक्षसी संख्येला याच कसोटीच्या १३,६२,७९,८३९ पायऱ्या लागतात.

सरावाला २०४७ घ्या. नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरले पाहिजेत. शून्य नाही, म्हणजे संख्या मूळ नाही. २३ आणि ८९ मात्र या गणितात कुठेच दिसणार नाहीत, ते वेगळे शोधावे लागतात.