पावसाळ्याआधी बीसीडी घरी उघडताना: तयारीची यादी

मे महिना सरत आला की मालवण-तारकर्लीचं डायव्हिंग थांबतं आणि पाऊस ओसरून पाणी निवळेपर्यंत बंदच राहतं. ज्यांनी स्वतःचं बीसीडी जॅकेट (हवा भरून-सोडून पाण्यात तरंगणं सांभाळणारं डायव्हिंगचं जॅकेट) घेतलंय, त्यांनी घरची देखभाल याच वेळी काढावी. मीठ, ओलावा आणि बुरशी यांना कपाटात चार महिने मोकळं रान मिळालं, तर समुद्रात वर्षभर होत नाही एवढं नुकसान तिथे होतं. एक सुट्टीचा दिवस आणि वर सुकायला दोन दिवस, एवढा वेळ आधीच राखून ठेवा. डाइव्हच्या आदल्या रात्री हे काम काढू नका.

‘आम्ही उथळ पाण्यातच जातो, एवढी काळजी कशाला’ असं बरेच जण म्हणतात. खरं तर उथळ पाण्यातच जॅकेटची जास्त परीक्षा होते. तीस मीटरवरून वीस मीटरवर येताना जॅकेटमधली तीन लिटर हवा चार लिटर होते. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना तीच तीन लिटर हवा सहा लिटर होते. म्हणजे हवा सोडणारा व्हॉल्व्ह अडकला किंवा भरणारं बटण दाबलेलंच राहिलं, तर माणूस बुचासारखा वर फेकला जातो तो याच शेवटच्या दहा मीटरमध्ये. फुप्फुसांना इजा व्हायला एवढी खोलीही पुरेशी असते.

आता सामान. मोठा टब किंवा ड्रम, ज्यात जॅकेट पूर्ण बुडेल. एक पांढरी बादली, तिचं कारण पुढे येईल. मऊ टूथब्रश, कानाच्या कापूसकाड्या, धागे न सुटणारं सुती फडकं. सिलिकॉन ग्रीस, आणि सिलिकॉनच. व्हॅसलीन किंवा सायकलला लावतो ते ग्रीस नको, त्याने काही प्रकारचं रबर फुगतं आणि मऊ पडतं. तुमच्याच मॉडेलच्या डम्प व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, ओ-रिंगा (रबरी कड्या) आणि वॉशर आधी मागवून ठेवा, कारण त्या हार्डवेअरच्या दुकानात नेमक्या मापाच्या मिळत नाहीत. प्लास्टिकचे केबल टाय, औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, वेटसूट आणि बीसीडीसाठी मिळणारा युरेथेनचा गोंद, मार्कर पेन. स्वयंपाकघरातली एक खोल परात मागून घ्या; व्हॉल्व्ह तिच्यातच उघडायचा, म्हणजे स्प्रिंग उडाली तरी खाटेखाली जात नाही. आणि फोन हाताशी असू द्या. प्रत्येक भाग उघडण्याआधी एक फोटो, उघडल्यावर एक.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याला द्या. जॅकेट बाहेरून सगळेच धुतात, पण ते आतून मरतं. डाइव्हमध्ये थोडं समुद्राचं पाणी आतल्या पिशवीत शिरतंच, विशेषतः तोंडाने हवा भरताना आणि पाण्याखाली हवा सोडताना. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. पाव लिटर पाणी आत राहून सुकलं, तर आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे जवळपास दीड चहाचा चमचा मीठ खड्यांच्या रूपात पिशवीच्या घडीत बसतं. जॅकेट दुमडलं, सिलिंडरखाली दाबलं गेलं की हे खडे आतल्या पॉलियुरेथेनच्या थराला घासत राहतात. सुईच्या टोकाएवढी भोकं अशीही पडतात.

म्हणून जॅकेट आधी टबात तासभर बुडवून ठेवा, पाणी हाताला सोसेल इतपत कोमट. मग इन्फ्लेटरचं (हवा भरायच्या नळीच्या टोकाशी बटणं असलेल्या भागाचं) तोंडाने फुगवायचं बटण दाबून धरा आणि नळाने किंवा नरसाळ्याने दीड-दोन लिटर गोडं पाणी आत सोडा. वरून हवा भरा, जॅकेट उलटंसुलटं करून चांगलं घुसळा. अर्धं पाणी कमरेकडच्या मागच्या डम्प व्हॉल्व्हमधून काढा आणि अर्धं इन्फ्लेटरच्या नळीतून, म्हणजे दोन्ही वाटा धुतल्या जातात. हे तीनदा. निघणारं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. वाळू दिसली तर आणखी एकदा धुवा. काळे ठिपके किंवा कुबट वास म्हणजे बुरशी. मग बीसीडीसाठीचं जंतुनाशक डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात आत भरून तेवढाच वेळ ठेवा आणि पुन्हा स्वच्छ धुवा. कपड्यांचं ब्लीच मात्र लांब ठेवा, त्याने आतला थर आणि शिवण दोन्ही कमजोर होतात. पांढरे-पारदर्शक पापुद्रे मात्र धुऊन थांबत नाहीत. ते आले म्हणजे आतला थर सुटायला लागलाय. अशा जॅकेटवर पुढे वेळ किंवा गोंद खर्च करू नका, ते बाद करा.

किनाऱ्यालगतच्या घरांमध्ये एक अडचण असते. विहिरीचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतं आणि त्याने धुतलं तर धुतल्याचं समाधान मिळतं, मीठ आतच राहतं. शेवटचा हात तरी पिण्याच्या पाण्याचा द्या. नाहीतर पाऊस लागेपर्यंत थांबा. पहिल्या दोन-चार मोठ्या सरींनी कौलं धुऊन निघाली की पागोळ्यांखाली धरलेलं पाणी या कामाला फार छान.

धुऊन झालं की डम्प व्हॉल्व्ह. खांद्यावरचा आणि कमरेवरचा, दोन्ही. बहुतेक व्हॉल्व्हचं झाकण हातानेच फिरतं. पक्कड लावलीत तर प्लास्टिकचे आटे जातील. झाकण सुटताना दुसऱ्या हाताची बोटं वर ठेवा, आत दाबलेली स्प्रिंग असते. तिच्याखाली रबराची चकती. ती उचलून उजेडात तिरकी धरा. गळतीचं कारण बरेचदा इथेच सापडतं: वाळूचा एकच कण चकती आणि बैठकीच्या मधोमध बसलेला असतो, त्याने रबरावर बारीक खळगा पाडलेला असतो. कण कापूसकाडीने टिपून घ्या, नखाने खरवडू नका. खळगा बोटाला लागत असेल तर चकती बदला. ओ-रिंग काढून दोन बोटांत हलकी ताणून पाहा. बारीक चिरा दिसल्या की नवी. ग्रीस इतकंच की रिंग चमकावी, बोटाला लपका लागला तर जास्त झालं, कारण जादा ग्रीसवर पुन्हा वाळूच चिकटते. झाकण परत बसवताना ते आधी उलट दिशेने फिरवा. आटा जागेवर पडल्याचा हलका टक् जाणवेल, तिथून सुलट फिरवायला लागा. आटे तिरके बसण्याची चूक याने टळते.

इन्फ्लेटरची घड्याघड्यांची नळी लांब करून प्रत्येक घडीत डोकावून पाहा, भेग असते ती घडीच्या तळाशी. नळीची दोन्ही टोकं अनेक मॉडेलमध्ये नुसत्या प्लास्टिकच्या टायने आवळलेली असतात. टाय पिवळा पडला, कडक झाला असेल तर बदला. दोन रुपयांची वस्तू आहे, पण ती तुटली तर नळीच हातात येते. बटणं कोमट पाण्यात दाबत राहा. दाबलं की आत, सोडलं की लगेच वर, असं झालं पाहिजे. रेंगाळलं तर अर्धं पाणी-अर्धं पांढरं व्हिनेगर असं मिश्रण करून इन्फ्लेटरचं टोक पंधरा-वीस मिनिटं त्यात ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुवा.

आणि इथे घरचं काम संपतं. सिलिंडर जोडून, जॅकेट रिकामं ठेवून दहा मिनिटं थांबा. बटणाला हात न लावता जॅकेट फुगायला लागलं, तर इन्फ्लेटरच्या आतला व्हॉल्व्ह हवा धरत नाहीये. हे दुरुस्त करायचं काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचं. सिलिंडरकडून इन्फ्लेटरला येणाऱ्या नळीत (लो-प्रेशर होज) नऊ-दहा बारचा दाब असतो आणि हा भाग चुकला तर त्याची शिक्षा पाण्याखाली मिळते. व्हिडिओ पाहून इन्फ्लेटर किंवा रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाला देणारा भाग) उघडणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, करू नका.

गळतीची तपासणी मात्र घरीच नीट होते. जादा दाबाचा व्हॉल्व्ह स्वतःहून फुस्स करेपर्यंत जॅकेट फुगवा आणि रात्रभर घरातच ठेवा, अंगणात किंवा गच्चीवर नाही, कारण थंडाव्याने हवा आकसली तरी जॅकेट गळतंय असं वाटतं. सकाळी घट्ट असेल तर उत्तम. मऊ पडलं तर साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हच्या कडांना, मग नळीच्या सांध्यांना, शेवटी कापडाला लावा. बुडबुडा येईल तिथे पुसून मार्करने गोल करा.

सपाट भागातलं बारीक भोक घरी बुजवता येतं. जॅकेट पूर्ण सुकवा, जागा अल्कोहोलने पुसा, युरेथेनचा पातळ थर भोकाच्या चहूबाजूंनी सेंटीमीटरभर जाईल असा पसरवा आणि आडवं ठेवून चोवीस तास हात लावू नका. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच पक्का होतो, त्यामुळे कोकणातल्या दमट हवेची इथे मदतच होते. उघडलेली ट्यूब फ्रीझरमध्ये ठेवली तर पुढच्या वर्षीही चालते. फेविक्विक घडीवर कडक होऊन तडकतं आणि सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन या कापडाला धरत नाही. भोक शिवणीवर, व्हॉल्व्हच्या बैठकीशी किंवा एकाहून अधिक जागी असेल तर गोंद लावू नका. पिशवी वेगळी निघत असेल तर नवी घ्या, नाहीतर जॅकेटच बदला. बुजवल्यावर रात्रभराची तपासणी पुन्हा करायची, ती टाळायची नाही.

बाकी झटपट. वेल्क्रोतली वाळू जुन्या फणीने काढा, चेनवर मेण फिरवा, सिलिंडरच्या पट्ट्याची बकल वाकवून चीर दिसते का पाहा. वजनाच्या खिशांची मूठ वजनं भरून ओढून बघा, रिकाम्या खिशाची तपासणी काही सांगत नाही.

ठेवताना जॅकेट अर्धवट फुगवून, रुंद खांद्याच्या हँगरवर, सावलीत, वारा लागेल असं टांगा. आतल्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत. खिशात खाऊचा कागदसुद्धा राहू देऊ नका, उंदीर त्या वासाने येतो आणि कापडासकट कुरतडतो. दर पंधरा दिवसांनी वास घ्या, थोडी हवा बदला. जॅकेटच्या खिशात एक कार्ड ठेवा: धुतल्याची तारीख, बदललेले भाग, गोंद लावलेली जागा. तंत्रज्ञाकडे वर्षातून एकदा द्याल तेव्हा त्याला ते कार्डच आधी दाखवा.

सीझन उघडल्यावर रात्रभराची हवा-तपासणी आणि सिलिंडर जोडूनची दहा मिनिटांची तपासणी पुन्हा करा. पहिला डाइव्ह स्विमिंग पूलमध्ये किंवा उभं राहता येईल अशा पाण्यात करा आणि तिथे लो-प्रेशर होज एका हाताने, न बघता सुटतो का हे हातमोजे घालून करून पाहा. बोटीवर नेण्याच्या डबीत दोन ओ-रिंगा आणि चार केबल टाय पुरेत. गोंद घरीच ठेवा. बोटीवर जॅकेट गळताना दिसलं तर त्या दिवशी ते बाजूला, आणि केंद्राचं भाड्याचं जॅकेट अंगावर.