हिरवं पान छापलंय, पण नंबर कुठाय?

दिवाळीआधी वहिनींच्या ओट्याखालच्या कपाटांचं काम काढलं, तेव्हा प्लायवाल्याने माझ्यापुढे एक लॅमिनेट केलेला कागद सरकवला. "ताई, इंटरनॅशनल सर्टिफिकेट. एकदम ग्रीन माल!" वाचलं तर आयएसओ १४००१. मी १५ वर्षं इंटिरियरची कामं घेतेय, तरी हसू दाबायला कष्ट पडले. हे प्रमाणपत्र मिळतं कंपनीच्या पर्यावरण-व्यवस्थापनाला. कारखान्यात नियम आहेत, नोंदी आहेत, तपासण्या होतात, एवढंच ते सांगतं. प्लायमध्ये काय घातलंय, त्याबद्दल अवाक्षर नाही.

म्हणून कागद हातात आला की आधी बघा, तो दिलाय कशाला: कंपनीला, इमारतीला की वस्तूला? आयजीबीसी आणि गृहा ही मुळात इमारतींची रेटिंग. टाइल्सच्या खोक्यावर त्यांचं नाव असलं, तर बहुतेक वेळा अर्थ एवढाच, की ही टाइल लावल्याने इमारतीला गुण मिळायला मदत होईल. वस्तूसाठी सीआयआय या उद्योगसंघटनेचं ग्रीनप्रो प्रमाणपत्र आहे. ते एकेका उत्पादनाला मिळतं. तेव्हा तुम्ही घेताय तेच मॉडेल त्यात आहे का आणि मुदत संपली नाही ना, हे बघा. ईपीडी, म्हणजे वस्तूचा पर्यावरणावर किती भार पडतो ते सांगणारा कागद, हा बिस्किटाच्या पुड्यामागच्या तक्त्यासारखा. किती कार्बन, किती पाणी, हे आकड्यांत दिलेलं असतं. आकडे चांगलेच असतील असं नाही.

प्लायला दोन वेगळे प्रश्न विचारायचे. लाकूड कुठल्या जंगलातलं? त्याला एफएससी, म्हणजे जंगल नीट सांभाळून काढलेल्या लाकडाचा शिक्का. शिक्क्याजवळ 'सी' आणि पुढे सहा आकडे असतात, ते एफएससीच्या साइटवर टाका. परवाना कोणाच्या नावावर, कोणत्या मालासाठी, ते कळतं. 'मिक्स' लिहिलं असेल तर सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं नाही. दुसरा प्रश्न गोंदाचा. नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते गोंदातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूने, आणि त्याचं उत्तर एफएससीकडे नाही. तिथे ई-वन किंवा ई-झीरोचा, म्हणजे हा वायू कमी सुटण्याच्या श्रेणीचा, टेस्ट रिपोर्ट मागा. आयएसआयच्या शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे परवाना क्रमांक, बीआयएस केअर या सरकारी अॅपमध्ये घालून बघायला मिनिटभर लागतं. तो खरा निघाला म्हणून माल ग्रीन ठरत नाही, पण खोटा निघाला तर पुढचं काही ऐकूच नका.

रंगाच्या डब्यावरच्या 'लेड-फ्री'चं फार कौतुक नको. शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून कायद्यानेच आहे. व्हीओसी, म्हणजे रंगातून हवेत उडणारी रसायनं, लिटरला किती ग्रॅम, ते विचारा.

प्लायवाल्याला मी म्हटलं, "बिलावर ई-वन लिहून द्या." तो आत जाऊन फोनवर बराच वेळ बोलला आणि बाहेर येऊन दुसऱ्याच गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. भाव अर्थातच वेगळा.