होम थिएटर पीसीवर केबल टीव्ही: नाशिकमध्ये काय चालतं आणि काय अडतं

होम थिएटर पीसीला, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरला, केबल जोडायची ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी ट्यूनर कार्ड (वाहिन्यांचा सिग्नल पकडणारं कार्ड) विकत घेतात, आणि पैसे तिथेच अडकतात. केबलची वायर थेट कार्डात लावून स्कॅन केलं की वाहिन्यांची नावं भराभर येतात, चित्र मात्र एकीचंही दिसत नाही. कार्ड खराब नसतं. केबलच्या डिजिटायझेशनमध्ये नाशिक दुसऱ्या टप्प्यात होतं, मुदत होती ३१ मार्च २०१३. डिजिटल केबलवरून जाणारी प्रत्येक वाहिनी, अगदी फुकटचीसुद्धा, एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करूनच पाठवायची असा कायदा आहे. ती उघडायची किल्ली केबलवाल्याने दिलेल्या सेट-टॉप बॉक्समध्ये असते. अमेरिकेत पीसीसाठी ती किल्ली देणारं केबलकार्ड निघालं होतं, आपल्याकडे तशी सोय नाही. तिकडचे व्हिडिओ बघून एटीएससी किंवा क्लिअरक्वाम या अमेरिकी पद्धतींचा ट्यूनर तर मुळीच मागवू नका. इथला सिग्नल डीव्हीबी-सी पद्धतीचा आहे, तो ट्यूनर त्याला ओळखतच नाही. सॉफ्टकॅम (बॉक्समधल्या किल्लीचं काम करणारं सॉफ्टवेअर) टाकून सगळं उघडतं असं सांगणारे भेटतात. ते बेकायदा आहे, त्या वाटेला जाऊ नये.

म्हणजे बॉक्स राहणारच. नुसतं बघायचं असेल तर बॉक्स टीव्हीच्या एका एचडीएमआयला लावा, पीसी दुसऱ्याला, आणि रिमोटने इनपुट बदला. रेकॉर्डिंग नको असेल तर यापुढे एक रुपयाही खर्च करू नका.

रेकॉर्डिंग हवं असेल तर खरी कसरत सुरू होते. बॉक्सची एचडीएमआय कॅप्चर कार्डात (बाहेरचं चित्र पीसीत घेणाऱ्या कार्डात) घातली की एचडीसीपी या कॉपीविरोधी संरक्षणामुळे पडदा काळाच राहतो. उरतो तो बॉक्सच्या मागचा एव्ही आउटपुट, म्हणजे पिवळी, पांढरी, लाल पिन, आणि त्याला लागणारं यूएसबी एव्ही कॅप्चर. चित्र एसडी दर्जाचं मिळतं. मालिका आणि बातम्यांना ते पुरतं. क्रिकेट मात्र थेट बॉक्सवरूनच बघावं.

बऱ्याच छोट्या बॉक्सना तीन पिनांऐवजी ३.५ मिमीचं एकच भोक असतं. त्याची वायर दिसायला सारखी असली तरी आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी. चित्र नाही आणि स्पीकरमधून जोरात गुरगुर येतेय, तर ऑडिओच्या पिनेत व्हिडिओ शिरलाय असं समजा. पिवळ्या सॉकेटमध्ये आधी लाल आणि मग पांढरी पिन लावून बघा, दहापैकी नऊ वेळा तेवढ्यावर भागतं. नाहीतर बॉक्सच्याच कंपनीची वायर घ्या.

आता सॉफ्टवेअरमध्ये इनपुट कंपोझिट (म्हणजे ती पिवळी पिन), पद्धत पीएएल (आपल्याकडची), आकार ७२० बाय ५७६, फ्रेम २५. ही उपकरणं अनेकदा एनटीएससी या अमेरिकी पद्धतीवर सेट होऊन येतात. मग चित्र वरखाली सरकतं किंवा काळंपांढरं दिसतं. पद्धत पीएएल असून चित्र स्थिर आहे पण रंग नाही, तर इनपुट बहुधा एस-व्हिडिओवर राहिलेला असतो. हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर डीइंटरलेस (त्या रेघा घालवणारा पर्याय) चालू करा, त्यातला यादिफ फिल्टर पुरेसा आहे. आणि एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात: आपलं प्रसारण ५० हर्ट्झचं आहे, पीसी टीव्हीला ६० देतो. त्यामुळे बातम्यांची खालची पट्टी अडखळत सरकते. डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा, किंवा कोडी या मीडिया प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये रिफ्रेश रेट आपोआप जुळवण्याचा पर्याय चालू करा. जागेचा हिशोब सोपा आहे: सेकंदाला ४ मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला साधारण १.८ जीबी.

वाहिनी बदलायला पीसीला आयआर ट्रान्समीटर (रिमोटसारखा इन्फ्रारेड सिग्नल पाठवणारं उपकरण) लावा. त्याचा एलईडी बॉक्सच्या सेन्सरसमोर काळ्या टेपने चिकटवा, आणि रिमोटचे कोड आयआर रिसीव्हरने शिकवून घ्या. दोन आकड्यांमध्ये पाव ते अर्धा सेकंद थांबू द्या, नाहीतर १२५ ऐवजी २५ लागतं. पॉवरचं बटण पीसीकडून कधीच पाठवू नका. त्याच बटणाने बॉक्स चालू होतो आणि त्यानेच बंद; तो कुठल्या स्थितीत आहे हे पीसीला कळत नाही आणि रात्रभर काळा पडदा रेकॉर्ड होतो. बॉक्स चालूच ठेवा, त्याचं आपोआप स्टँडबायला जाणं सेटिंगमधून बंद करा. लाइट जाऊन आली की बॉक्स बहुधा ऑपरेटरच्या ठरलेल्या वाहिनीवर उघडतो, म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या दोन मिनिटं आधी वाहिनीचा नंबर नव्याने पाठवा. पीसीच्या बायोसमध्येही वीज परत आल्यावर मशीन सुरू व्हावं असं सेट करा.

एव्ही वायर जोडल्यावर स्पीकरमधून घूं असा आवाज येत असेल तर बॉक्समागची केबलची पिन काढा. आवाज थांबला तर दोष केबलच्या शील्डमधून येणाऱ्या करंटचा. पिन हाताळताना झिणझिण्या येतात त्याचंही कारण बहुधा हेच. केबलवर तो करंट अडवणारा आयसोलेटर बसवा आणि सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पीसीची अर्थची पिन काढून आवाज घालवायचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे.

ट्यूनर कार्डाची हौस खरी भागते ती डीडी फ्री डिश या प्रसार भारतीच्या मोफत डीटीएच सेवेवर. सह्याद्रीसह बऱ्याच वाहिन्या तिथे विनाशुल्क आहेत आणि रेकॉर्डिंग थेट मूळ दर्जात होतं. लागतं ते असं: ६० सेंमीच्या आसपासची छत्री, युनिव्हर्सल एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), आरजी-६ वायर, डीव्हीबी-एस२ म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलचा ट्यूनर. यूएसबी ट्यूनर घेतलात तर त्याचा वेगळा अडॅप्टर लावाच, एलएनबीला लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट यूएसबीतून नीट भागत नाहीत. उपग्रह जीसॅट-१५, स्थान ९३.५ अंश पूर्व. नाशिकहून तो जवळजवळ बरोबर आग्नेयेला, उत्तरेपासून १३४ अंशांवर, आणि क्षितिजापासून साधारण ५७ अंश उंच. गंगापूर रोडच्या किंवा पंचवटीतल्या गच्चीवरून छत्रीचं तोंड ढोबळमानाने नाशिकरोडकडे येतं. ऑफसेट छत्री दिसायला त्याहून बरीच खाली वाकलेली वाटते, त्यामुळे डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. सिग्नल मीटर बघत बोटभर हलवा, चारपाच सेकंद थांबा, मग पुढे सरका. शेवटी एलएनबी जागच्या जागी थोडा फिरवून क्वालिटी वाढते का ते बघा. टीव्हीहेडएंड या ट्यूनर आणि रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एलएनबी युनिव्हर्सल निवडा, वेब पान ९९८१ पोर्टवर उघडतं, आणि कोडीत त्याचं पीव्हीआर अॅड-ऑन टाकलं की वाहिन्या दिसू लागतात.

गच्चीवरची वायर एलएनबीला लावण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकेल. एफ-कनेक्टरवर रबरी सेल्फ-फ्युजिंग टेप घट्ट गुंडाळा. तरीही पावसाळ्यात क्वालिटी घसरली तर कनेक्टर उघडून बघा. आतली जाळी हिरवट किंवा काळी पडली असेल तर पाणी शिरलंय. ती साफ करून उपयोग नसतो. तांबं स्वच्छ दिसेपर्यंत वायर कापत जा आणि नवा कनेक्टर लावा.